दार लावून घेतलेलं इन्सुलिन

आलेलं पत्र, थोडं कमी करून:

"काकू, नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते. माझा मुलगा अकरा वर्षांचा. गेल्या दिवाळीनंतर तो एकदम वाळत चालला, रात्री चार-चारदा उठून पाणी प्यायचा. शेवटी उलट्या सुरू झाल्या आणि मिरजेला अ‍ॅडमिट करावं लागलं. टाइप वन डायबेटीस निघाला. आता दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन घेतो. आमच्याकडे माझ्या आत्येसासूबाई असतात, मूळच्या साताऱ्याच्या. त्यांना हाच आजार बाराव्या वर्षापासून आहे, पन्नासहून जास्त वर्षं झाली. लग्न केलं नाही. एका डोळ्याने आता जवळजवळ दिसत नाही. त्या या विषयावर कधी बोलत नाहीत आणि आपलं इन्सुलिन दार लावून घेतात. सासरे म्हणतात, पोराचं बाहेर कुणाला कळायला नको, शाळेतही सांगू नकोस. गेल्या आठवड्यात कळलं की मुलगा वहीत रक्तातल्या साखरेचे खोटे आकडे लिहितो. मीटरमध्ये २९०, वहीत १३०. मी खूप ओरडले. म्हटलं, आत्याआजी काचेची सिरिंज उकळून टोचून घ्यायची, कधी रडली नाही, आणि तुला सगळं आयतं मिळतंय तरी ही लबाडी! तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. आत्यांना सांगू का, की त्याला त्या काळातल्या गोष्टी सांगा, म्हणजे त्याला किंमत कळेल? त्या रात्री झोपताना त्याने एवढंच विचारलं, 'आत्याआजीला तेव्हा दुखायचं का?' मी म्हटलं, नाही रे, सवय होते. — एक आई"

तू मला काकू म्हटलंस, म्हणून अगं-तुगंच करते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी अडले. खोट्या आकड्यांपाशी नाही. "इन्सुलिन दार लावून घेतात" या वाक्यापाशी.

मीही दार लावून घ्यायचे. १९६९ च्या पावसाळ्यात मला हा आजार झाला, दहा वर्षांची होते, आणि आम्ही साताऱ्यातच राहायचो. म्हणजे तुझ्या आत्येसासूबाई आणि मी त्या वर्षांत एकाच गावात, कदाचित दोन पेठा सोडून, एकच आजार घेऊन वाढत होतो. राजवाड्याजवळच्या औषधाच्या दुकानात आमचे दोघींचे वडील एकाच बाकावर बसले असतील, एकमेकांना न सांगता. तुझं पत्र वाचेपर्यंत हे माझ्या मनातही आलं नव्हतं. लहानपणी मला वाटायचं, अख्ख्या सातारा जिल्ह्यात असं मूल मी एकटीच.

तू काचेच्या सिरिंजचा उल्लेख केलास म्हणून सांगते, ते नेमकं काय होतं. सकाळी साडेपाचला आई स्टो पेटवायची. पंप मारल्याचा आवाज आला की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे. चहाचं आधण नंतर, आधी माझी सिरिंज. पितळी पातेल्याच्या तळाला मलमलचं फडकं घालायचं, कारण काच थेट तळाला लागली तर तडकते. त्यावर नळी एका बाजूला, दांडा एका बाजूला, मध्ये सुई. नळीवर आणि दांड्यावर एकच नंबर कोरलेला असे. एकीचा दांडा दुसरीच्या नळीत नीट बसत नसे, त्यामुळे दोन्हींपैकी काही फुटलं की सगळंच नवं. पाणी खळखळून उकळलं की आई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत दहा मिनिटं उभी राहायची. आमचं पाणी जड होतं, काचेवर पांढरा थर धरायचा आणि दांडा मध्येच अडकायचा. मग लिंबाच्या पाण्यात सगळं रात्रभर.

सुई एकच, महिना-दीड महिना चालवायची. आजच्या पेनच्या सुईच्या मानाने ती दाभण म्हणावी अशी जाड. आतून बुजू नये म्हणून तिच्यात बारीक तार घालून ठेवायची. टोक बोथट झालं की आई देवघरातली सहाण पालथी करून तिच्या पाठीवर ते घासायची. अगदी हलक्या हाताने, एका बाजूने, मग नखावर ओढून बघायची की टोकाला कुसळ राहिलंय का. ज्या सहाणेवर देवाचं गंध उगाळायचं त्याच सहाणेच्या पाठीवर माझी सुई. आई सोवळ्याओवळ्याचं कडक पाळणारी होती, पण यावर ती कधी एक शब्द बोलली नाही.

आता खोट्या आकड्यांचं.

तेव्हा घरी रक्तातली साखर बघायची सोयच नव्हती. लघवी तपासायची. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं औषध पाच मिलिलिटर घ्यायचं, त्यात ड्रॉपरने लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि फार असेल तर विटकरी गाळ. आमच्याकडे हे मागच्या परसात चालायचं, दिवसातून तीनदा. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आई एका लांबट वहीत तारीख टाकून रंग लिहायची: निळा, हिरवा, हिरवा, विटकरी.

विटकरी आला की आई रागवायची नाही. ती गप्प व्हायची. पदराने हात पुसत आत जायची आणि तो सबंध दिवस घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मला ते रागवण्यापेक्षा जड जायचं. बारा वर्षांची असताना एकदा मी लघवीच्या जागी हौदातलं पाणी घातलं. नळी निळीशार राहिली. आईचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तिने मला जवळ घेतलं, संध्याकाळी थालीपीठ केलं. मग दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं, तिसऱ्याही. आठव्या दिवशी मी शाळेत ओकले, श्वास लागला आणि मला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. आईला खरं मी कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही नाही. आज तुझ्या लेकामुळे पहिल्यांदा लिहिते आहे.

म्हणून तुला सांगते, त्याने लबाडी केलेली नाही. त्याने तुला खूश करायचा प्रयत्न केलाय. १३० हा आकडा त्याने कुठून आणला असेल? तू जो आकडा बघून हसतेस तोच तो. अकरा वर्षांच्या मुलाला दिवसातून चारदा आईचा चेहरा वाचावा लागतो, तेव्हा तो मीटरपेक्षा चेहऱ्याकडे जास्त बघतो. आकडा म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. पुढचं इन्सुलिन किती घ्यायचं हे ठरवायला लागणारी ती माहिती आहे, गाडीच्या पेट्रोलच्या काट्यासारखी. काटा खाली आला म्हणून ड्रायव्हरला कुणी रागवत नाही.

माझं ऐकशील तर पुढचे दोन आठवडे वही त्याच्या हातून काढून घे. "तुझ्यावर विश्वास नाही" म्हणून नव्हे. "हे ओझं थोडे दिवस माझ्याकडे दे" असं सांगून. मीटरमध्ये आकडे राहतातच, रात्री तू उतरवून घे. आकडा मोठा दिसला की "काय खाल्लंस?" हा प्रश्न तोंडातून जाऊ देऊ नकोस. "बरं, आता काय करायचं?" एवढंच विचार, आणि डॉक्टरांनी नेमून दिलंय तसं दोघं मिळून करा. २९० येण्याला शंभर कारणं असतात. त्याच्या वयात अंगात जे बदल सुरू होतात त्यानेही साखर चढते. पोटावर एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की तिथे गाठ धरते आणि इन्सुलिन नीट लागू पडत नाही. त्याच्या पोटावरून, मांडीवरून बोटं फिरवून बघ, कुठे मऊसर फुगवटा लागतोय का. आणि एखादा डोस तो टाळतोय का, हेही न रागवता, अंधारात पडल्यापडल्या विचार. मुलं अंधारात खरं बोलतात.

एक गोष्ट मात्र तातडीची, ती इथेच सांगून टाकते. उलट्या, पोटदुखी, खोल खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि आजारी आहे, जेवत नाही, म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने कधीही बंद करायचं नाही. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारून. नातेवाइकांपैकी कुणीतरी कारल्याच्या रसाचं, कसल्याशा पावडरीचं सांगेलच. आमच्या लांबच्या नात्यातल्या एका मुलाचं इन्सुलिन अशाच एका वैदूच्या शब्दावर थांबवलं होतं. तो मुलगा आठवडाभरही राहिला नाही. टाइप वनमध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्याला दुसरा पर्याय नाही. यावर घरात चर्चासुद्धा होऊ देऊ नकोस.

आता तुझा मूळ प्रश्न. आत्यांना त्या काळातल्या गोष्टी सांगायला लावू का, म्हणजे मुलाला किंमत कळेल?

सांगायला जरूर लाव. पण किंमत कळावी म्हणून नको. "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य आजारी मुलाला फार लागतं. त्याला दुखतंय ते आज दुखतंय. पन्नास वर्षांपूर्वी कुणाला जास्त दुखलं, याने त्याची सुई बारीक होत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे तू आत्यांच्या तोंडी एक खोटी गोष्ट घातलीस: ती कधी रडली नाही. तुला काय माहीत? त्या तर बोलतच नाहीत. त्यांचं गप्प राहणं म्हणजे शौर्य, असं तू धरून चाललीस आणि ते मुलावर काठीसारखं उगारलंस. तुझी चूक दाखवायची म्हणून हे लिहीत नाही. पन्नास वर्षं आम्हाला सगळ्यांनी असंच शूर ठरवून टाकलं, म्हणून आमचं ऐकायचं राहून गेलं.

ते दार का लागतं, याची मला माहीत असलेली कारणं सांगते. त्यांची वेगळी असतील.

पहिलं असं, की तेव्हाचं इन्सुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून काढलेलं असायचं. ज्या घरात वसुबारसेला गाईची पूजा व्हायची, त्या घरात मुलगी रोज सकाळ-संध्याकाळ ते टोचून घेते, हे आजीला सांगायचं कसं? वडिलांनी सांगितलंच नाही. आजी गेली तोवर तिला वाटायचं की मला ताकदीची इंजेक्शनं चालू आहेत. जंतूंच्या मदतीने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली, आमच्यापर्यंत यायला आणखी बरीच वर्षं गेली. जुन्या इन्सुलिनने माझ्या दोन्ही मांड्यांना खड्डे पडले, बशीएवढे. त्यामुळे पोहायला माहुलीला मैत्रिणींबरोबर कधी गेले नाही, आणि का गेले नाही हेही सांगितलं नाही.

दुसरं, लग्न. हे तुला सांगायला नको. माझी धाकटी बहीण होती. माझं कळलं तर तिच्या स्थळांवर परिणाम होईल म्हणून सगळं घर गप्प होतं. मला घरात कुणी वाईट वागवलं नाही, पण पाहुणे आले की मला वरच्या माडीवर जाऊन बसायचं असतं हे न सांगता कळलं होतं.

आणि तिसरं कारण मी फार कमी लोकांना सांगितलंय. एका डॉक्टरांनी, चांगले होते ते, दाराबाहेर वडिलांना सांगितलं की मुलगी विशी बघणं कठीण. मी दाराच्या आत होते. पुढे मी वीस वर्षांची झाले तेव्हा वाढदिवस कुणी केला नाही. सगळ्यांना तारीख आठवत होती म्हणूनच.

तुझ्या आत्येसासूबाईंनीही बहुतेक असं काहीतरी ऐकलेलं असणार. असं ऐकलेलं मूल एकतर फार बोलतं, नाहीतर आयुष्यभर दार लावून घेतं.

डोळ्याचं लिहिलंयस. माझ्या डाव्या डोळ्याला १९९४ मध्ये लेसर करावं लागलं आणि तेव्हा घरातलं एक माणूस म्हणालं, पथ्य नीट पाळलं असतंस तर. हे वाक्य मी वीसेक वर्षं उराशी धरून होते. तुझ्या आत्याही बहुतेक असलंच काही धरून बसल्या असतील, म्हणून हा भाग त्यांना वाचून दाखव. लघवीत साखर उतरायची ती रक्तातली साधारण १८० च्या वर गेल्यावरच. म्हणजे नळी निळी राहिली तरी रक्तात १७० असू शकायचे, नाहीतर ५० सुद्धा. आणि मूत्राशयात तासन् तास साठलेल्या लघवीवरून आत्ताची साखर कळणार कशी? तो रंग मागच्या काही तासांचा असायचा. आम्ही अंधारात गाडी चालवत होतो आणि मागचा रस्ता दाखवणारा आरसा एवढाच हाताशी होता. रक्तातली साखर काटेकोर राखली तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात, याची पक्की खात्री पटवणारा अमेरिकेतला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला १९९३ मध्ये. तोवर आम्हाला हा आजार होऊन वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली होती. त्यांनी पथ्य मोडलं म्हणून डोळा गेला नाही. वेळेवर कळायचं साधनच त्यांच्या हाती नव्हतं.

रक्तातली साखर फार कमी होण्याची भीती तर त्याहून मोठी होती, कारण ती कुठल्याच रंगात दिसायची नाही. आई रात्री दोनला उठायची. दिवा लावायची नाही. माझ्या मानेमागे, केसांखाली, हात घालून बघायची की घाम आहे का. तो खरखरीत, राखेने घासलेल्या भांड्यांचा वास येणारा हात. ओलसर लागलं की उठवून साखरपाणी पाजायची, कोरडं लागलं की पांघरूण सारखं करून जायची. मी बहुतेक वेळा जागी असायचे आणि झोपेचं सोंग घ्यायचे. आता तू बोटातून एक थेंब काढतेस आणि पाच सेकंदांत कळतं. बदल केवढा झालाय हे मला मनापासून वाटतं. पण हे मी तुला सांगते आहे. तुझ्या लेकाला सांगायची गरज नाही.

सासऱ्यांबद्दल. ते आत्यांचे भाऊ. बहीण आजारी पडली तेव्हा ते स्वतःच पोरवयात असणार. मला माझा धाकटा भाऊ आठवतो. आमच्याकडे फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली माठाच्या बुडाशी, ओल्या वाळूत बसवलेल्या छोट्या गाडग्यात असायची, वर ओलं फडकं. पुण्याहून दोन-तीन महिन्यांच्या बाटल्या एकदम आणल्या की त्या वाड्यातल्या ज्यांच्याकडे फ्रिज होता त्यांच्याकडे, "डोळ्यांचं औषध" म्हणून. आणि उन्हाळ्यात वीज गेली की भाऊ सायकलवर बर्फ आणायला पळायचा, गोणपाटात गुंडाळून. नऊ वर्षांचा होता तो. वाटेत बर्फ वितळला तर ताई मरेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. हे त्याने मला साठी उलटल्यावर सांगितलं. माझ्यासमोर कंदी पेढा खायचा नाही, हेही त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्याने आपणच ठरवलं होतं. साताऱ्यात वाढून तो मुलगा पेढ्याला हात लावायचा नाही.

म्हणून तुझे सासरे "कुणाला कळायला नको" म्हणतात तेव्हा ते इभ्रतीचं असेल, थोडं. पण मला त्यात ते भ्यायलेलं पोरच जास्त दिसतं. त्यांच्याशी वाद घालू नकोस. एक दिवस चहा देताना विचार, "मामंजी, आत्यांचं औषध तेव्हा ठेवायचे कुठे?" एवढंच विचार आणि तिथेच बसून राहा.

पण शाळेत सांगायचं ते सांगायचंच, यात मी काही ऐकणार नाही. वर्गशिक्षक, खेळाचे सर आणि एक जवळचा मित्र, एवढ्यांना तरी. त्यांना लिहून दे: हात थरथरले, घाम सुटला, उगाच चिडला किंवा गप्प झाला की साखर बघायची, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. मीटर हाताशी नसेल तर न बघता द्यायचं. त्याला वर्गातून एकट्याला बाहेर पाठवायचं नाही. शुद्ध गेली तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. एवढं एका कागदावर मावतं.

आणि शेजाऱ्यांचंही. तुम्ही गावभागातली माणसं. २००५ आणि २०१९ ला कृष्णा तुमच्या दारात आली होती. आयर्विन पुलावरचं पाणी किती फुटांवर गेलं हे सांगलीकर तासातासाला विचारत बसतात, तेव्हा वीज जाते, दुकानं बंद होतात आणि होडी येते तेव्हा पहिल्यांदा कुणाला न्यायचं हे शेजारीच सांगतात. तुमच्या घरात दोन माणसं अशी आहेत की ज्यांना इन्सुलिनशिवाय दोन दिवसही काढता येणार नाहीत. हे गल्लीत कुणालाच माहीत नसलं तर? सासऱ्यांना हा एकच मुद्दा सांग, ते महापूर बघितलेले आहेत. पावसाळ्याआधी जादा कार्ट्रिज, सुया, मीटरच्या पट्ट्या आणि साखर एका घट्ट झाकणाच्या डब्यात करून ठेवा. वापरात घेतलेलं इन्सुलिन फार उष्णता नसेल तर बाहेर साधारण चार आठवडे चालतं, त्याच्या माहितीपत्रकात नेमकं लिहिलेलं असतं. मार्च ते मे मात्र सांगलीचं ऊन सोसत नाही, तेव्हा वीज गेली की माठाची ओली वाळू आजही कामाला येते, हे आत्यांना विचार. फक्त फ्रीजरमध्ये कधी ठेवू नका. एकदा गोठलं की ते फेकायचं. आणि घरात दोघं घेणारे आहेत म्हणून सांगते: आत्या बाटली आणि सिरिंज वापरत असतील तर ती बाटली बहुधा ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तिला लाल टोपणाची सिरिंज, मुलाच्या पेनमधलं १०० चं. एकाचं दुसऱ्याला, एकाच्या सिरिंजने दुसरं, असं घाईतही करू नका. डोस अडीच पट चुकतो.

आत्यांशी बोलायचं कसं? "आत्या, तुमचा अनुभव सांगा" म्हटलंस तर त्या म्हणतील, त्यात काय सांगायचं. मीही हेच म्हणाले असते. त्यांना वस्तू विचार. त्यांच्या ट्रंकेत किंवा फडताळात कुठेतरी एक डबी असणार, स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची, चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी. माझी अजून आहे. आत कापसाचा पिवळट पडलेला बोळा, एक नळी आणि दोन सुया. टाकवत नाही. तू म्हण, "आत्या, तुमची सिरिंज अजून आहे का?" आणि ती निघाली तर लेकाच्या हातात दे आणि तू स्वयंपाकघरात निघून जा. शिकवण काढायला तिथे थांबू नकोस. तो विचारेल ते विचारू दे. त्या कदाचित नुसतं दांडा कसा बसवायचा तेवढंच दाखवतील. पुरे आहे.

त्यांना हेही विचार की त्यांनी कधी हौदाचं पाणी घातलं होतं का. माझं नाव सांग, म्हणजे माझी ही गोष्ट सांग. त्या हसल्या तर समज.

दार उघडं ठेवा असं त्यांना कुणी सांगायचं नाही. पण तुझा मुलगा आपलं इन्सुलिन जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर घेतो ना? मग त्याच्या शेजारी त्यांचं ताट मांडत जा. पुढचं त्या दोघांवर सोड.

आता आज रात्री एक कर. त्याला जवळ घे आणि सांग की आई त्या दिवशी चुकीचं बोलली. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर बदल. त्याला सांग, हो, दुखायचं. खूप दुखायचं. सुई नवी असताना कमी, महिनाभरानंतर जास्त, आणि सहाणेवर घासल्यावर दोन दिवस पुन्हा कमी. थंडीत स्पिरिट मांडीला लागलं की त्यानेच आधी अंगावर काटा यायचा. मी रडायचे, उशीत तोंड घालून, आणि आईला ते माहीत असायचं. आत्याआजी रडायची की नाही, ते मला माहीत नाही. ते तिलाच विचार म्हणावं.